नागनाथाचे दर्शन

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ हे तालुक्याचे गाव आहे. हिंगोली शहरापासून ते सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, डोंगरांच्या कुशीत वसले आहे. गाव तसे लहानच; परंतु तेथील नागनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे त्याची कीर्ती दूरवर पसरली आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे आहे, अशी महाराष्ट्रातील भाविकांची श्रद्धा आहे. हाच मान गुजरातेत द्वारकेजवळील नागेश्वरालाही दिला जातो. परंतु त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. ज्याला कोरीव काम पाहण्याची आवड आहे, त्याने औंढ्यास एकदा तरी जावे, एवढे मात्र निश्चित म्हणता येईल.

मंदिर यादवकालीन असून ते हेमाडपंती धाटणीचे मानले जाते. त्याचा खालचा भाग काळ्या दगडाचा आहे. वरचे शिखर मागाहून बांधलेले असल्यामुळे ते खालच्या भागापेक्षा निराळे दिसते, आणि दोन काळांतील दोन हात एकाच इमारतीवर फिरले आहेत हे पाहणाऱ्याच्या ध्यानात सहज येते. बाहेरच्या भिंतींवर देवदेवता, स्त्रीमूर्ती आणि हत्तींच्या रांगा कोरलेल्या आहेत. भिंती सरळ नाहीत. त्यांना अनेक कोन आहेत. त्यामुळे सकाळी ज्या मूर्तीवर ऊन असते ती दुपारी सावलीत जाते व दुसरी उजळून निघते. मंदिराभोवती तटबंदीचे प्रशस्त आवार आहे. आवारात एक जुनी बारव असून तिला ‘सासू-सुनेची बारव’ असे नाव आहे.

एवढे सगळे वैभव बाहेर, मोकळ्या हवेत आहे. देव मात्र खाली तळघरात आहे. सभामंडप ओलांडून आत गेले म्हणजे अरुंद पायऱ्या लागतात. त्या उतरताना मोठ्या माणसाला अंग चोरावे लागते आणि मान खाली घालावी लागते. खाली छोटासा गाभारा आहे. त्याचे छत ठेंगणे आहे. तेथे पिंडीभोवती बसले म्हणजे एकाचा खांदा दुसऱ्याला लागतो. समयांची धग, ओल्या फुलांचा व बेलाचा वास आणि माणसांचे श्वास यांनी ती जागा भरून गेलेली असते. गर्दीच्या दिवशी वर येणारा यात्रेकरू घामाने निथळत असतो. शेकडो वर्षे लोकांनी या कोंदटपणाचे कौतुकच केले, कारण देवाच्या इतक्या जवळ बसावयास सगळीकडे मिळत नाही.

औंढ्याच्या दोन कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहेत. संत नामदेवांचा जन्म १२७० साली झाला. कयाधू नदीच्या काठचे नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते व तेही याच जिल्ह्यात आहे. नामदेव औंढ्यास आले आणि देवासमोर कीर्तन करू लागले, तेव्हा पूजेत व्यत्यय येतो म्हणून त्यांना मंदिराच्या मागे जाण्यास सांगण्यात आले. ते निमूटपणे मागे गेले व तेथेच गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्याने नामदेवांकडे तोंड केले, अशी ती कथा आहे. नंदी मागच्या बाजूस का, असे विचारले तर गावकरी याच प्रसंगाकडे बोट दाखवतात. शीख धर्माच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. देऊळ फिरल्याचा उल्लेख त्यांतही आढळतो. दुसरी कथा विसोबा खेचरांची. गुरूच्या शोधात नामदेव औंढ्यास आले, तो एक वृद्ध पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवांनी पाय काढण्यास सांगितले. वृद्ध म्हणाला, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव जिकडे पाय ठेवीत, तिकडे पिंड उभी राही. त्या वृद्धालाच, म्हणजे विसोबांना, त्यांनी गुरू केले.

मार्च २०२० मध्ये या मंदिराचे दार बंद झाले. कोरोनाची साथ जगभर पसरली होती. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने तिला महासाथ म्हणून घोषित केले. २२ मार्चला देशात जनता संचारबंदी पाळण्यात आली आणि २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली. राज्यातील सर्व देवळे, मशिदी, चर्च व गुरुद्वारे बंद झाली. हिंगोलीस राज्य राखीव पोलीस दलाचे ठाणे आहे. तेथील जवान अन्य शहरांतील बंदोबस्ताहून परतले, तेव्हा त्यांतील अनेकांना लागण झाल्याचे आढळले आणि दूर मुंबईत आहे असे वाटणारे संकट उंबरठ्याशी येऊन ठेपले. आषाढीच्या वारीचीही रीत त्या वर्षी मोडली. मानाच्या पालख्या पायी न जाता एस.टी.च्या गाड्यांतून पंढरपुरास गेल्या. आपल्या आजोबांना हे सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता, असे अनेक वारकऱ्यांना वाटले असेल.

साथीत माणसांनी एकमेकांपासून दूर व्हावे, ही गोष्ट या मुलखाला तशी अगदीच नवी नव्हे. प्लेगच्या दिवसांत गावेच्या गावे ओस पडत आणि लोक रानात झोपड्या बांधून राहत. उंदीर पडू लागले की घर सोडावयाचे, हे त्यांना अनुभवाने कळले होते. रोग पिसवांमुळे पसरतो हे शास्त्र पुष्कळांना ठाऊक नव्हते, परंतु उपाय बरोबर होता. कोरोनाच्या बाबतीत उलटा प्रकार झाला. शास्त्रज्ञांना विषाणू लवकर सापडला. लोकांना तो नेमका कोठे गाठतो हे समजण्यास मात्र वेळ लागला.

माणूस बोलतो, खोकतो किंवा नुसता श्वास सोडतो, तेव्हा त्याच्या नाकातोंडातून सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. त्यांतील मोठे तुषार जड असल्यामुळे थोड्याच अंतरावर खाली पडतात. म्हणूनच सहा फुटांचे अंतर राखण्यास सांगितले जाई. परंतु काही कण इतके बारीक असतात की ते पडत नाहीत, हवेत तरंगत राहतात. ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे मनाला पटत नाहीत. यासाठी उदबत्तीचे उदाहरण घ्यावे. मंदिराच्या आवारात उदबत्ती लावली तर तिचा धूर चार बोटे वर जातो न जातो तोच विरून जातो. तीच उदबत्ती तळघरातील गाभाऱ्यात लावली तर धूर छतापाशी साचतो, हळूहळू खाली उतरतो आणि उदबत्ती विझून गेल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. माणसाचा उच्छ्वास जवळजवळ असाच वागतो. जेथे धूर रेंगाळतो, तेथे श्वासही रेंगाळतो, हे ज्याने ध्यानात घेतले त्याला साथीचे निम्मे नियम कोणी सांगण्याची गरज उरली नाही.

जगाला हा धडा फार महागात पडला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नावाचा परगणा आहे. तेथील एका गायनवृंदाचे ६१ सभासद १० मार्च २०२० रोजी सरावासाठी एका सभागृहात जमले. मंडळी बेफिकीर नव्हती. हात स्वच्छ करण्याचे द्रव दाराशी ठेवले होते. हस्तांदोलनही टाळण्यात आले. मग सुमारे अडीच तास सर्वांनी बंद जागेत गायन केले. त्यांच्यातील एकाला आधीच लागण झालेली होती. पुढे त्या एकासह ५३ जण आजारी पडले व दोघे दगावले. गाताना किंवा मोठ्याने बोलताना तोंडावाटे अधिक कण बाहेर पडतात. हात स्वच्छ होते, परंतु हवा कोंडलेली होती. आरती, भजन व जयघोष यांवर पुढे निर्बंध का आले, हे या एका उदाहरणावरून समजते. त्यात देवधर्माशी वैर नव्हते. मुक्याने केलेली प्रार्थना आणि टिपेच्या सुरात म्हटलेली आरती यांत देवाला फरक पडत नसेल; विषाणूला मात्र पडतो.

जवळजवळ आठ महिन्यांनी, १६ नोव्हेंबर २०२० रोजी, राज्यातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. तो दिवाळीचा पाडवा होता आणि वार सोमवार, म्हणजे शंकराचाच. तेव्हा लस आलेली नव्हती. दार उघडले याचा अर्थ साथ गेली असा नव्हता, आणि नेमके हेच समजून घेणे कठीण होते. बंद दारासमोर काय करावयाचे हे सर्वांना कळते, कारण तेथे करण्यासारखे काही नसते. अर्धवट उघडलेल्या दारातून जाणाऱ्याला पावलोपावली स्वतः विचार करावा लागतो.

सरकारने नियम घालून दिले होते. मास्क लावल्याशिवाय प्रवेश नव्हता. दारात ताप तपासला जाई. पादत्राणे शक्यतो आपल्या गाडीतच ठेवावीत, रांगेत सहा फुटांचे अंतर असावे, मूर्तीला स्पर्श करू नये, प्रसाद वाटू नये, तीर्थ शिंपडू नये, जाण्यायेण्याचे मार्ग निराळे असावेत, असे सांगण्यात आले होते. एकत्र गाण्यास मनाई होती. ध्वनिमुद्रित भजन लावता येत असे. पासष्ट वर्षांवरील माणसे, दहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि जुना आजार असलेले लोक यांनी घरीच राहावे, असाही सल्ला होता. अकरा वर्षांच्या नातवाने दर्शनास जावे आणि ज्या आजीने त्याला देवाच्या गोष्टी सांगितल्या तिने मात्र ओसरीवर बसून राहावे, अशी ही विलक्षण वेळ होती.

सगळे नियम सारख्याच महत्त्वाचे नव्हते, हे आज स्पष्टपणे म्हणता येते. पादत्राणे गाडीत ठेवल्याने फारसे काही साधले नसेल. हात धुणे चांगलेच, ते एरवीही करावे. परंतु दारातील यंत्राने कपाळाचा ताप मोजून घेतला, हातावर सॅनिटायझरचे चार थेंब घेतले आणि मग कोंदट जागेत मास्क हनुवटीवर ओढून गर्दी केली, तर आधीचे सगळे उपचार व्यर्थ ठरतात. ताप नसतानाही माणूस रोग पसरवू शकतो, ही या साथीची मोठी खोच होती. बरेच लोक दारातल्या तपासणीलाच अभयपत्र समजत.

औंढ्यासारख्या ठिकाणी तर जागेची रचनाच शहाण्याला वाट दाखवीत होती. एखाद्या कुटुंबाने त्या दिवसांत तेथे जावयाचे ठरवले असते तर काय करणे इष्ट होते? पहिली गोष्ट, पाडवा, सोमवार, सुट्टीचा दिवस, असे गर्दीचे दिवस सोडून आडवार निवडावा. घरात कोणाला सर्दी-खोकला असेल तर बेत पुढे ढकलावा. नागनाथ कोठे निघून जात नाही. जीपमध्ये दाटीवाटीने बसून जाण्यात शहाणपण नव्हते. गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात, मग थंडीचा कडाका असला तरी चालेल. आवारात पोहोचल्यावर थेट रांगेकडे धावण्याऐवजी आधी मंदिराला सावकाश प्रदक्षिणा घालावी. एरवी यात्रेकरू हेच करीत नाही. दर्शन उरकण्याच्या घाईत तो भिंतीवरील शिल्पांकडे पाहतही नाही, आणि घरी गेल्यावर हत्तींची रांग कोठे होती असे विचारले तर गप्प बसतो. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर, एका कोरीव कोनाड्यासमोर पाव तास उभे राहण्यात कोणताही धोका नव्हता. बारवेच्या काठावरून डोकावावे, शिखर पाहावे, दोन काळांचा सांधा कोठे आहे तो शोधावा.

आणि तळघर? तेथे निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा होता. मंदिर उघडले आहे म्हणून प्रत्येकाने प्रत्येक पायरी उतरलीच पाहिजे असे नाही. ज्याच्या घरी वृद्ध आहेत, त्याने सभामंडपातूनच हात जोडले तर त्याच्या भक्तीत उणेपणा येत नव्हता. उतरावयाचेच असेल तर मोजकी माणसे आत असताना, नाकावरून मास्क न ढळू देता, मुकाट्याने उतरावे, नमस्कार करावा आणि वर यावे. आत रेंगाळू नये. एरवी मागून ‘चला, पुढे सरका’ असे कोणी ओरडले की राग येतो. त्या दिवसांत लवकर बाहेर निघणे हे मागच्यावर केलेले उपकारच होते.

कळसाचे दर्शन घेऊन परतणे ही वारकरी परंपरेला परकी गोष्ट नाही. पंढरपुरास गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत न पोहोचलेला वारकरी कळसाला हात जोडतो आणि वारी पावली असे मानतो. तथापि येथे एक भेद नीट पाहिला पाहिजे. नामदेवांना मंदिरामागे पाठवण्यात आले, त्या पाठवण्यात अपमान होता. चोखोबांना दाराबाहेर ठेवण्यात आले, त्यात अन्याय होता. एकाला आत घ्यावयाचे व दुसऱ्याला जन्मावरून बाहेर ठेवावयाचे, असे ते अंतर होते. साथीतील सहा फुटांचे अंतर सर्वांना सारखे होते. पुजारी, श्रीमंत, मजूर, पाहुणा, कोणालाही त्यातून सूट नव्हती. जेथे सूट दिली गेली, जेथे ओळखीच्या माणसाला रांग मोडून आत सोडले गेले, तेथे त्या अंतराचा अर्थच नाहीसा झाला. ही दोन अंतरे एकच मानणे म्हणजे नामदेवांचा छळ हलका करून सांगण्यासारखे होईल.

मंदिराच्या वाटेवर हार, बेल, नारळ, पेढे, कुंकू, लहान मुलांची खेळणी विकणारी दुकाने असतात. त्यांचे पोट यात्रेकरूवर चालते. आठ महिने दार बंद होते तेव्हा ह्या मंडळींच्या टोपल्याही रिकाम्या होत्या. देव उपाशी राहत नाही; हारवाल्या बाईची मुले राहतात. त्यामुळे दार लवकर उघडावे ही मागणी केवळ श्रद्धेची नव्हती, ती भाकरीचीही होती, आणि तिला नावे ठेवणे सोपे असले तरी योग्य नव्हते. परंतु उघडलेले दार उघडेच राहणे हे याहून महत्त्वाचे होते. ते पुष्कळ अंशी येणाऱ्यांच्या वागण्यावर अवलंबून होते.

दार उघडे राहिले नाही. हिवाळ्यात रुग्ण कमी झाले, लोक सैल झाले, लग्नसमारंभ व बाजार पूर्ववत भरू लागले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये साथ पुन्हा उसळली. १ ते ७ मार्च २०२१ या काळात हिंगोली जिल्ह्यात संचारबंदी लागू करण्यात आली. त्यानंतर चारच दिवसांनी, ११ मार्चला, महाशिवरात्र होती. औंढ्याचा हा सर्वांत मोठा उत्सव. एरवी त्या दिवशी रात्रभर रांगा लागतात आणि काही दिवसांनी रथोत्सव होतो. त्या वर्षी यात्रा भरली नाही. वर्षभर ज्या यात्रेच्या भरवशावर दुकानदार उधारी करतो, तीच गेली. पुढे ५ एप्रिलपासून राज्यभर प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली आणि त्यानंतरचे दोन महिने महाराष्ट्रातील घराघरांना विसरता येण्यासारखे नाहीत. प्राणवायूसाठी धावणारी माणसे आणि रुग्णालयांच्या दारात थांबलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली, त्यांना त्याचे वर्णन ऐकण्याची गरज नाही.

दुसऱ्यांदा दार उघडले ते ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी. त्याच्या तीन दिवस आधी, ४ ऑक्टोबरला, ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले होते. या वेळी परिस्थिती निराळी होती. १६ जानेवारी २०२१ पासून देशात लसीकरण चालू होते आणि १ मार्चपासून साठ वर्षांवरील लोकांना लस मिळू लागली होती. ओसरीवर बसलेल्या पुष्कळ आजी आता लस घेऊन पायऱ्यांपाशी उभ्या राहू शकल्या. मुलांची पाळी सर्वांत शेवटी आली. १५ ते १८ वर्षांच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलांना १६ मार्च २०२२ पासून लस मिळू लागली. म्हणजे सातवीतील मूल ऑक्टोबरमध्ये देवळात गेले तेव्हा त्याच्यापाशी मास्क, मोकळी हवा आणि स्वतःची समज एवढेच साधन होते.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातील उरलेले निर्बंध उठले आणि मास्क लावणे ऐच्छिक झाले. त्यानंतर अंतर राखण्यासाठी जमिनीवर आखलेल्या खुणा पायाखाली पुसट होत गेल्या. गाभाऱ्याच्या पायऱ्या तेवढ्याच अरुंद आहेत आणि महाशिवरात्रीस तेथे पूर्वीप्रमाणे रांगा लागतात. सर्दी झालेले मूल बरोबर असले तर आजही काही आया त्याला खाली नेत नाहीत. बारवेजवळच्या मोकळ्या अंगणात त्याला बसवून पाळीपाळीने दर्शन घेऊन येतात, आणि ते मूल तेवढ्या वेळात भिंतीवरचे हत्ती मोजत बसते.